काडतुसावरचा पहारा

एखाद्या सभेचा खूप गाजावाजा व्हावा आणि प्रत्यक्षात काहीच घडू नये, की आपण म्हणतो, ‘फुसका बार निघाला.’ दिवाळीतल्या आतषबाजीला आपण ‘दारूकाम’ म्हणतो आणि लढाईच्या सामानाला ‘दारूगोळा’. हे सगळे शब्द बंदुकीच्या पोटात काय भरले आहे, याविषयीचे आहेत. भाषेने लक्ष ठेवले ते भरण्याच्या मालावर, आणि ते योग्यच केले. न भरलेली बंदूक म्हणजे शेवटी लोखंडी नळी आणि लाकडाचा दस्ता.

इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र उलट केले. तलवारी, तोफा, बंदुका यांची वर्णने भरपूर आहेत. त्यात काय भरले जाई, ते कोठून येई, त्याला पैसे किती पडत आणि ते कोणाला मिळत नसे, याकडे फारसे कोणी वळले नाही. आमच्या वसमत परिसराच्या, म्हणजे जुन्या निजामी मुलखाच्या इतिहासावरून या लेखात एक गोष्ट मांडायची आहे. गेल्या दीडशे वर्षांत राज्यकर्त्यांनी खरा पहारा बंदुकीपेक्षा काडतुसावर ठेवला. नेमबाजीसाठी किंवा शिकारीसाठी स्वस्त गोळी कोणती, हा प्रश्न दुकानात सुटत नव्हता. तो आधी कायद्याच्या पुस्तकात सुटलेला असे.

घरची दारू, घरचे शिसे

तोड्याची बंदूक आणि पुढे आलेली टोपीची, म्हणजे ठासणीची बंदूक, या दोन्हींचा मोठा गुण असा की त्यांचा खुराक गावातच तयार होई. सोरा, गंधक आणि कोळसा ही दारूची तीन द्रव्ये. कोळसा गावचा, सोरा जुन्या वस्त्यांच्या खारट मातीतून काढलेला, आणि गंधक तेवढा बाजारातून आणायचा. शिसे थोड्या उष्णतेवर, ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे गोळी ओतायला भट्टी लागत नाही, चूल पुरते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या घालून गजाने ठासायचे, मग गोळी किंवा छर्रे, आणि पुन्हा ठासायचे. तोड्याच्या बंदुकीत कानात रंजक घालून जामगी लावायची. टोपीच्या बंदुकीत घोड्याखाली टोपी बसवायची.

ही गोळी कारखान्याच्या मापाची नसे. तिच्या नेमाचा भरवसा चाळीस-पन्नास पावलांपलीकडे फारसा नव्हता. पावसाळ्यात दारू ओल धरी आणि बार फुसका जाई. पण ती कोणाच्या परवानगीवर अवलंबून नव्हती. शेतात राखण करणाऱ्याला, शिकाऱ्याला, गढीवरच्या नाईकाला ती सारखीच उपलब्ध होती.

याचा अनुभव निजामाच्या आणि इंग्रजांच्या फौजेला आमच्याच भागात आला. १८१९ च्या जानेवारीत नांदेड-उमरखेडच्या पट्ट्यातील नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला. गढी हटकर नाईक नौसाजी यांची, आणि आत लढणाऱ्यांत अरब शिबंदीचा भरणा मोठा. समोर रेसिडेंट हेन्री रसेल याने उभी केलेली रसेल ब्रिगेड. गढी तोफांनी पडली. त्या फौजेच्या वारस पलटणींना पुढे ‘नोवा’ हा रणसन्मान मिळाला. तीन आठवड्यांहून अधिक काळ एका गढीने तग धरला, याचे श्रेय भिंतींना आणि शिबंदीच्या शौर्याला आहेच. पण तेव्हा गढीतली बंदूक आणि वेढा घालणाऱ्या शिपायाची बंदूक एकाच जातीची होती, हेही विसरू नये. दारू आणि शिसे या दोन गोष्टी दोघांनाही मिळवता येत होत्या. पुढच्या शंभर वर्षांत ही बरोबरी संपली, आणि तिला संपवले ते काडतुसाने.

काडतूस आले

‘काडतूस’ हे पोर्तुगीजांच्या ‘कार्तुशो’ या शब्दाचे मराठी रूप. आरंभी ती कागदाची पुरचुंडी होती. एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी तीत एकत्र बांधलेली असे. १८५७ साली ज्या काडतुसावरून आग भडकली ते एनफिल्ड रायफलीचे, असेच कागदी आणि चरबी लावलेले. त्या उठावानंतर सरकारने बराच काळ देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची हत्यारे दिली. कित्येक शिपायांच्या हाती तर एनफिल्डसारखीच दिसणारी, पण नळी आतून गुळगुळीत, म्हणजे आटे नसलेली बंदूक आली. नळीत आटे नसले की गोळी फिरत नाही, आणि लांबवरचा नेम जातो.

नंतर काडतूस पितळेचे झाले. टोपी, दारू आणि गोळी एका डबीत बंद झाली, आणि बंदूक मागून भरता येऊ लागली. ओलीची भीती गेली, वेग वाढला, नेम सुधारला. पण ही डबी चुलीवर होत नाही. पितळ ओढणारी यंत्रे, एकसारखे माप आणि स्फोटक टोपी यांसाठी कारखानाच लागतो. कलकत्त्याजवळच्या दमदममध्ये दारूगोळ्याचे काम आधीपासून होते. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बंदूक वापरणारा शिकारी, शेतकरी वा जहागीरदार आता स्वतःचा खुराक स्वतः करणारा उरला नाही. तो गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाइकावर नजर ठेवणे सोपे असते.

१८७८ चा शस्त्र कायदा या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. लॉर्ड लिटनच्या काळातला हा कायदा हत्यारांइतकाच दारूगोळ्यालाही लागू होता. बाळगणे, विकणे, नेणे-आणणे या सर्वांना परवाना आला. त्याच्या जोडीला १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आला. त्यामुळे घरच्या दारूचाही जुना मोकळेपणा गेला.

वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांचा कायदा येथे थेट चालत नव्हता. पण त्याने फार फरक पडला असे समजू नये. हैदराबाद राज्याला समुद्र नव्हता. विलायती काडतूस उतरे ते इंग्रजांच्या बंदरात आणि पुढे येई ते इंग्रज मुलखातून. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्णा-हिंगोली मार्गाने वसमतपर्यंत आगगाडी आली. माल येण्याची वाट सोपी झाली, तशीच ती बंद करण्याची सोयही झाली.

बारा बोअरचा अर्थ

त्या काळात सामान्य शिकाऱ्याला परवडणारी बंदूक म्हणजे ‘बारा बोअर’. हा आकडा इंचांचा किंवा मिलिमीटरांचा नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यांतली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. घरी शिसे वितळवून गोळ्या मोजण्याच्या काळातले माप कारखान्याच्या काळातही टिकले, ते असे.

बारा बोअरच्या स्वस्ताईचे एक कारण पितळी काडतूस हे होते. बर्मिंगहॅमच्या कायनॉक आणि लंडनच्या एली या कंपन्यांची जाड पितळी काडतुसे पुन्हा पुन्हा भरता येत. नवी टोपी, काळी दारू, वर बुच आणि छर्रे, की काडतूस तयार. कागदी काडतूस एकदा उडवले की संपले. पितळी काडतुसाला पहिल्यांदा पैसे जास्त पडत, पण ते वर्षानुवर्षे चाले. ठासणीचा जुना स्वावलंबी व्यवहार या पितळी डबीत आणखी काही काळ जगला.

रायफलीच्या गोळीचा विचार निराळा होता. शेजारच्या मध्य प्रांतात, निमाडमध्ये काम केलेल्या जेम्स फोर्सिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक पुस्तकच लिहिले. लांब निमुळत्या गोळीपेक्षा मोठी गोल गोळी जनावराला लवकर पाडते, असे त्याचे म्हणणे. वाद तांत्रिक दिसतो, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही तोच आहे. कागदावरचे भोक आणि जनावराचा मृत्यू या दोन गोष्टींना एकच गोळी चालते का?

स्वस्त गोळी, पण कोणासाठी?

चालत नाही, आणि याचे कारण लष्करी गोळीत सापडते. ब्रिटिश फौजेने .३०३ ची रायफल घेतली, आणि ‘थ्री नॉट थ्री’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचला. तिच्या गोळीवर टणक धातूचे पूर्ण कवच असते. कवच पुरते असल्याने गोळी शरीरात फुगत नाही, आरपार जाते. दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात कवचाचे टोक उघडे ठेवून फुगणारी गोळी केली गेली. ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर गेले. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुगणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा झाला.

शिकारीत याच्या नेमके उलटे. हरणासारख्या जनावराला पूर्ण कवचाची गोळी आरपार गेली, तर ते तसेच पळते आणि कोठेतरी झुडपात तडफडत मरते. म्हणून शिकारीसाठी मऊ टोकाची, फुगणारी गोळी हाच रिवाज होता. युद्धात जी क्रूर ठरली, तीच शिकारीत दयेची ठरली. लष्करासाठी कोट्यवधींनी होणारी कवचाची गोळी सर्वांत स्वस्त, म्हणून तिने कागदावर सराव करावा. जनावरावर ती चालवू नये. गोळी निवडण्याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा नळीचा. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असा क्षार असे, की उडवल्यावर त्याचा अंश नळीत राही आणि हवेतली ओल ओढून घेई. त्याच दिवशी उकळत्या पाण्याने नळी धुवून, पुसून, तेल लावले नाही, तर थोड्याच दिवसांत आत गंज धरे. स्वस्त काडतुसाची उरलेली किंमत अशी नळीने भरायची.

पण या दोन्ही धड्यांचा उपयोग करायला सामान्य नागरिकाला संधीच नव्हती. देशात सर्वाधिक तयार होणारे, म्हणून सर्वांत स्वस्त पडू शकणारे काडतूस त्याला मिळतच नव्हते. लष्कराच्या मापाची रायफल खासगी माणसाने ठेवायची नाही, हे धोरण. १९०७ च्या सुमारास .४५० मापावरही हिंदुस्थानात बंदी आली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, आणि शिकारी काडतुसांतल्या गोळ्या काढून त्यांना चारता येतील, ही भीती. विलायतेतल्या कारागिरांनी मग .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. साहेबाला आणि संस्थानिकाला ती परवडत होती. इतरांसाठी .३१५ चे माप रूढ झाले. ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मानलिखर काडतुसावर बेतलेले हे माप ब्रिटिश लष्कराच्या कामाचे नव्हते, म्हणून ते चालले.

याहून स्पष्ट पुरावा पोलिसांच्या मस्केटचा. ईशापूरच्या कारखान्यात .३०३ च्याच रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून .४१० च्या एकबारी मस्केटी केल्या गेल्या. त्यांचे काडतूसही .३०३ च्याच डबीतून काढलेले, फक्त मान न आवळलेले. म्हणजे शिपायाच्या हाती बंदूक द्यायची, पण त्याने ती घेऊन उद्या बाजू बदलली, तर फौजेचे काडतूस तीत बसता कामा नये.

१९४८ : बंदुका होत्या, काडतुसे नव्हती

हैदराबादच्या शेवटच्या वर्षाकडे या नजरेने पाहिले तर बराच उलगडा होतो. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला. हैदराबादच्या लष्कराला आणि पोलिसांना लागणारा दारूगोळा भारताकडून मिळावा, हा निजाम सरकारचा आग्रह त्यानंतरच्या वाटाघाटींत होता. भारत सरकार तो देईना, कारण तो कोणावर झाडला जाईल हे उघड दिसत होते. मग सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमाने भरून शस्त्रे आणि दारूगोळा हैदराबाद राज्यात उतरवू लागला. समुद्र नसलेल्या राज्याने आकाशाची वाट धरली. पण विमानाने येऊन किती येणार?

रझाकारांची संख्या त्या वेळच्या अंदाजांत दोन लाखांपर्यंत सांगितली जाते. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्शाकडेच आधुनिक हत्यारे होती, बाकीच्यांकडे भरमार म्हणजे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. नि:शस्त्र गावकऱ्यावर जरब बसवायला भरमार पुरेशी होती, आणि मराठवाड्याने ती जरब भोगली. पण फौजेसमोर तिचा टिकाव लागणे शक्य नव्हते. सरहद्दीवरच्या आपल्या छावण्यांतही हत्यारांपेक्षा गोळ्यांचीच चणचण अधिक होती. मोजून मिळालेल्या काडतुसांत सराव करायचा की लढायचे, हा प्रश्न दोन्हीकडे होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला सगळे आटोपले. या चार-पाच दिवसांची कारणे अनेक आहेत. दारूगोळ्याच्या वाटा आधीच बंद झालेल्या होत्या, हे त्यांतले एक, आणि ते नेहमी शेवटी सांगितले जाते.

कायद्याने लावलेली वाटणी

स्वतंत्र भारताने १८७८ चा कायदा जाऊ दिला आणि १९५९ चा आणला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे तेरावे कलम मराठी वाचकाने एकदा तरी वाचावे. परवाना कोणत्या हत्याराला द्यावा, हे तेथे गरजेनुसार लावून दिले आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आटे नसलेली बंदूक. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ ची रायफल किंवा एअर रायफल. .३०३, ७.६२ आणि नऊ मिलिमीटर ही लष्करी मापे निषिद्धच राहिली.

कायदा नवा होता, पण वाटणी जुनीच. शेतकऱ्याच्या वाट्याला १८१९ ची बंदूक आली. नेमबाजाच्या वाट्याला जी गोळी आली ती मात्र खरोखर स्वस्त आणि सरावाला उत्तम होती.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचे. टोपी वेगळी नसते. डबीच्या काठातच स्फोटक भरलेले असते. म्हणून डबी पुन्हा भरता येत नाही, पण होते एका झटक्यात आणि स्वस्तात. तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. .३०३ च्या एका गोळीच्या वजनात अशा चार गोळ्या होतात. धक्का नगण्य, आवाज कमी, नळीला त्रास नाही. गावोगावच्या कॉलेजांतल्या एनसीसीच्या छात्रांनी आयुष्यातली पहिली गोळी झाडली ती हीच, तीही मोजून दिलेली. मात्र लहान म्हणून तिला खेळणे समजू नये. मोकळ्या माळावर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

या सरावाला देशात संस्थेचे रूप आले १९५१ मध्ये. नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार होता लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचा. घराणे रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची, आयुष्य गांधीजींच्या सहवासात. अशा माणसाने नागरिकांनी नेमबाजी शिकावी असे म्हणणे काहींना विसंगत वाटेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. परक्या राज्याने ज्यावर पहारा ठेवला, ते शिस्तीत का होईना, नागरिकाच्या हाती द्यावे, असे स्वराज्याच्या पहिल्या सभापतीला वाटणे स्वाभाविक होते.

त्याचे फळ महाराष्ट्राने पाहिले. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० मध्ये विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्या प्रकारात पात्रता फेरीतच साठ गोळ्या झाडायच्या असतात, गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने वीस-वीस. समजा, त्यासाठी रोज शंभर गोळ्यांचा सराव केला आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर तीस हजार गोळ्या होतात. येथे ‘स्वस्त’ या शब्दाचा कस लागतो.

सर्वांत कमी भावाची गोळी घेतली तर नेमबाजाला चूक स्वतःची की गोळीची, हेच कळत नाही. प्रत्येक नळीला एखादी विशिष्ट गोळी मानवते. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो. म्हणून जाणकार नेमबाज रायफल ठोकळ्यात पक्की बसवून वेगवेगळ्या खेपांच्या गोळ्या झाडून पाहतात. ज्या खेपेची भोके सर्वांत जवळ पडतात ती खेप साठवून ठेवतात, आणि ती स्पर्धेसाठी राखून सराव हलक्या गोळीवर करतात. स्पर्धेची गोळी बहुधा परदेशी असते. खेड्यातल्या मुलाला रायफल उसनी मिळते, प्रशिक्षक मिळतो, पण झाडलेली गोळी कोणी परत देत नाही. नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ राहतो तो रायफलीच्या किमतीमुळे कमी आणि काडतुसांच्या रोजच्या खर्चामुळे जास्त.

उसाच्या फडात

शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला, आणि ते आवश्यकच होते. काळविटांचे कळप या शतकात कोणाला पाहायचे असतील, तर बंदुका खाली यायलाच हव्या होत्या. पण वसमत तालुक्यात याच काळात दुसरे काहीतरी घडत होते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, पूर्णा कारखाना उभा राहिला, हळदीचे क्षेत्र पसरले. उसाचा फड म्हणजे रानडुकराला बारमाही घर. हरभऱ्यात रोही शिरतात ते कळपाने.

वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या ठरावीक जनावरांना मारण्याची परवानगी देण्याची सोय आहे. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणाच्या बंदुकीची सोय आहे. कागदावर दोन्ही सोयी एकमेकींना मिळतात. प्रत्यक्षात शेतकऱ्याला वनखात्याची परवानगी, महसुलाचा परवाना आणि दारू-टोपीचा अधिकृत विक्रेता, या तिन्ही गोष्टी एका हंगामात जुळवायच्या असतात, आणि डुक्कर एका रात्रीत येते. मग काही जण कुंपणात वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर कळत नाही, शेजाऱ्याचा बैल कळत नाही, रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस कळत नाही. नेम धरून झाडलेल्या गोळीचा कोणीतरी जबाबदार धनी असतो, हिशोब असतो. तारेतल्या विजेचा हिशोब नसतो. गोळ्या सरसकट वाटाव्यात असे यातून सुचवायचे नाही. शिकलेल्या, नोंदवलेल्या, तालुक्याला चार-पाच का होईना, अशा नेमबाजांची व्यवस्था कायद्यातल्या या दोन कलमांतूनच उभी राहू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

२०२१ मध्ये सरकारी शस्त्रकारखान्यांच्या कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच, खडकीला आहे. दीडशे वर्षांपूर्वी काडतूस जेथून येऊ लागले, तेथूनच ते आजही येते.

शेवटी वाचकांना एक विनंती. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांचे बंदुकीचे जुने परवाने पडून आहेत, काही उर्दूत, काही इंग्रजीत. बंदूक केव्हाच जमा झालेली असते आणि कागद रद्दीत जाण्याच्या वाटेवर असतो. तो टाकू नका. पहिल्या पानावर बंदुकीचे वर्णन असेल. ते पाहून झाले की मागची पाने उलटा. तेथे कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानातून, किती काडतुसे घेतली याच्या नोंदी असतात. दर वर्षी पाच, दहा, कधी एकही नाही. एखाद्या गावाने कोणत्या साली किती धास्ती बाळगली, पीक कधी राखले आणि सरकारने त्याच्यावर किती विश्वास टाकला, हे त्या आकड्यांतून वाचता येते.